मागच्या सीटवर कोण बसणार

हिरवा दिवा लागला होता आणि ओडेट गाडी हलवत नव्हती. चूक माझी होती. शिकाऊ माणसाच्या हाताला घाम सुटला की त्याला बोलतं करायचं, ही माझी जुनी युक्ती. म्हणून सिग्नलला थांबल्यावर मी अगदी प्रेमानं विचारलं होतं, "रवांडाच्या तुम्ही? मग हुतू की तुत्सी?" ज्या सुरात आपण "मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" असं विचारतो, त्याच सुरात. हे दोन शब्द मी आदल्या दिवशी इंटरनेटवर वाचले होते आणि ते वाया जाऊ नयेत असं मला वाटत होतं.

मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. अमेरिकेत हॉर्न म्हणजे आईवरून शिवी. दिवा पिवळा झाला, परत लाल झाला. ओडेट समोर बघतच म्हणाली, "टीचर, आमच्याकडे हा प्रश्न विचारणारे लोक रस्त्यात आडवे उभे असायचे."

पुढच्या हिरव्याला तिनं दोन्हीकडे बघून गाडी सुरेख काढली. उरलेल्या तासात मी 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यापलीकडे काही बोललो नाही. इतका चांगला तास मी क्वचितच घेतला असेन.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. त्याआधी ॲरिझोनातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो, पण २००१ साली कंपनीच्या लक्षात आलं की माझ्याशिवायही चिप बनतात. तेव्हा ही नोकरी 'तात्पुरती' म्हणून धरली आणि ती तात्पुरती वर्षानुवर्षं चालली. माझी बायको वसुधा दाताच्या दवाखान्यात काम करायची. घर तिच्या पगारावर चालत होतं. मी घराबाहेर असणं हीच माझी खरी कमाई, असं ती पाहुण्यांना सांगायची.

या धंद्याची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. स्टिअरिंग मात्र एकच, आणि तेही ज्याला येत नाही त्याच्या हातात. जगातल्या बऱ्याच कारभाराची हीच रचना आहे, पण आमच्याकडे निदान गाडीच्या डोक्यावर तशी पाटी लावलेली असते. मास्तरनं बडबड करायची, उजवा पाय तयार ठेवायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

माझी निम्मी गिऱ्हाइकं आपलीच असत. पुण्या-मुंबईचे आयटीवाले आधी बायकोला स्वतः शिकवायचे. दोन रविवारांनंतर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला लागले की माझ्याकडे फोन यायचा. नवरोबा स्वतः 'कॉलेजपासून ड्राइव्ह करतो यार' म्हणत परीक्षेला जायचे आणि नापास होऊन पुढच्या आठवड्यात शेजारच्या सीटवर दिसायचे. एकदा नागपूरची एक मुलगी आली, बौद्ध घरातली, सॉफ्टवेअरमध्ये, भारी हुशार. मी सवयीप्रमाणे आडनावाची चौकशी सुरू केली. ती गिअर टाकत म्हणाली, "काका, आडनाव कळलं की ब्रेक लवकर लागतो का?" मी हसलो. अशा वेळी मी नेहमी हसतो. स्वभाव म्हणून खपून जातं.

तर ओडेट. २००५ च्या आसपासची गोष्ट. वय तिशीचं, उंच, कमी बोलणारी. चर्चमधल्या एका बाईंनी तिला आमच्या शाळेत आणून सोडलं होतं. म्हाताऱ्यांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम तिला मिळत होतं. एका घरून दुसऱ्या घरी जायचं, म्हणून अट एकच, लायसन्स हवं. चँडलरमध्ये गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. ती जागा महिनाभर तिच्यासाठी मोकळी ठेवणार होते. तेवढ्यात परीक्षा पास झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा हॉटेलच्या चादरी बदलणं.

आमच्या शाळेचा मालक रॉन पेट्रोल वाचवण्यासाठी एका गाडीत दोन शिकाऊ घालायचा. एक चालवणार, दुसरा मागच्या सीटवरून बघणार, मग अदलाबदल. याला तो 'निरीक्षणातून शिक्षण' म्हणायचा. एका सकाळी तो खूश होऊन म्हणाला, "तुझ्या त्या रवांडाच्या बाईला जोडीदार मिळाला. तिच्याच देशाचा, भाषाही तीच!"

मीही खूश झालो. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटण्यासारखं सुख नाही, अशी आपली ठाम समजूत. मॉलमध्ये कुणी 'अगं' म्हणालं तरी आपण त्याच्या मागे तीन दुकानं जातो. मी ओडेटला दुरूनच ओरडून सांगितलं, "बघा, तुमचा माणूस आणलाय!"

तिचा माणूस म्हणजे बोनिफास. चाळिशीचा, बुटका, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्यासारखं हसू. त्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक, आदबशीर म्हटलं. ओडेटनं इंग्रजीत उत्तर दिलं, "गुड मॉर्निंग." आमच्याकडे नवरा-बायको कडाक्याचं भांडण इंग्रजीत करतात, तेव्हा मला शंका यायला हवी होती.

ती चालवायला बसली, तो मागे. गाडी रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "आरसा." आमच्या धंद्याचा हा जप आहे. दर थोड्या वेळानं मागचं बघायचं. तिनं आरसा बघितला नाही. जरा निरखून पाहिलं तर तिनं तो वर फिरवून ठेवला होता, त्यात गाडीचं छत दिसत होतं. मी सरळ केला. तिनं पुन्हा फिरवला. मी म्हणालो, "ओडेट, परीक्षेत याचे मार्क जातात." तिनं सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली, उत्तम उभी केली आणि खाली उतरली.

"त्याला चालवू दे," ती म्हणाली. "मी मागे बसते. तो मागे असला तर मी नाही चालवणार."

पुढचे तीन तास असेच गेले. बोनिफास चालवायचा आणि ती मागून बघायची. निरीक्षणातून शिक्षण! बोनिफासची एकही चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. "तो पूर्ण थांबला नाही." "त्यानं खांद्यावरून वळून पाहिलं नाही." "तो आता लेन सोडणार." आणि तो लगेच सोडायचा. माणसाच्या मानेवर कुणाची नजर अशी रोवलेली असली तर तोही बिचारा काय चालवणार? गाडीत दोन ब्रेक होते, तरी तिसरा त्या मागच्या सीटवर होता. पण यात ती स्वतः एक मैलही चालवत नव्हती. मी रॉनकडे गेलो. तो म्हणाला, "वेगळी गाडी हवी तर वेगळी फी." ती तिला झेपणारी नव्हती.

आता बाहेरच्यांसाठी आणखी थोडी माहिती, ही मला नंतर नीट वाचून कळलेली. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, एकाच देवाला भजतात, एकाच टेकडीवर राहतात, आपसात लग्नंही करतात. गोऱ्या राज्यकर्त्यांनी त्यांच्या ओळखपत्रावर जात छापून दिली. मग १९९४ साली हुतू सरकारच्या आणि त्यांच्या टोळ्यांच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कोयत्यांनी मारलं. काही महिन्यांत लाखो तुत्सी, आणि त्यांची बाजू घेणारे हुतूही. जगानं तेव्हा चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करण्यात जगाचा हात कुणी धरणार नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात हा विषय निघाला तेव्हा एक काका श्रीखंडाची वाटी चाटत म्हणाले, "एक धर्म, एक भाषा, तरी एकमेकांना पाण्यात बघायचं? कमाल आहे बुवा!" हे बोलताना ते ज्या टेबलावर बसले होते, तिथे कुठल्या आडनावांची माणसं बसतात हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पण मंडळाचं नाव निघालं म्हणून माझ्या डोक्यात कल्पना आली. त्याच्या दोन वर्षं आधी आमचं मंडळ गणपतीच्या नाटकावरून फुटलं होतं. एका गावात दोन गणपती बसले. तेव्हा मी दोन्ही अध्यक्षांना एकमेकांना न सांगता घरी जेवायला बोलावलं, वसुधानं बटाटेवडे आणि श्रीखंड केलं आणि दुपारी चारपर्यंत मंडळ एक झालं. तेव्हापासून मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो.

"रविवारी ओडेट आणि बोनिफासला जेवायला बोलावू," मी म्हणालो. "समोरासमोर बसले की बोलतील. बोलले की मोकळं होईल."

वसुधानं माझ्याकडे बघितलं. "अहो, त्यांचं नाटकावरून बिनसलंय का?"

"माणसं ती माणसंच."

"त्या दोघांना सांगणार तरी आहात का, की दुसरंही येतंय म्हणून?"

"सांगितलं तर येतील का?"

"मग कळलं ना तुम्हाला उत्तर," ती म्हणाली, आणि तरी चक्का टांगायला घेतला. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या घरात विरोध फक्त तोंडी असतो.

रविवारी चर्चच्या बाईंनी ओडेटला आमच्याकडे सोडलं. ती वसुधाला मदत करायला स्वयंपाकघरात शिरली आणि मी बोनिफासला आणायला गेलो. तो टाय लावून, मोठं कलिंगड छातीशी धरून उभा होता. जून महिना, ॲरिझोनाचं ऊन, आणि त्या उन्हात टाय! मी त्याला घेऊन घरी आलो तर वसुधा दारातच उभी. तिला मधल्या वेळात सगळं कळलं होतं. चौथी ताटली कुणासाठी, असं ओडेटनं विचारलं होतं आणि बायकोला खोटं बोलता येत नाही.

ती मला मराठीत म्हणाली, बोनिफासच्या समोरच, चेहऱ्यावर यजमानीणबाईंचं हसू ठेवून, "ऐका. ती, तिचे वडील आणि भाऊ पळून निघाले होते. शेजारी म्हणाला, मी सोबत करतो. तो मागे मागे चालत आला. रस्त्यात ओंडका टाकून माणसं उभी होती, कार्ड बघत होती. वडिलांनी कार्डं फेकून दिली होती, सुटलेही असते. मागून त्या शेजाऱ्यानं बोट दाखवलं. ती तेवढी शेतात पळाली."

मी बोनिफासकडे बघितलं.

"हा तो शेजारी नाही," वसुधा म्हणाली. "तेही मी तिला विचारलं. हा कोण आहे, यानं काय केलं, तिला माहीत नाही. आता त्याचं कलिंगड घ्या, जड आहे."

बोनिफासला वाटलं, त्याचं स्वागत चाललंय. तो वाकून दोनदा थँक्यू म्हणाला.

दारातून परत पाठवायची पद्धत नाही, म्हणून आम्ही जेवायला बसलो. ओडेट उठून जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची तिनं निवडली आणि पुरी तोडली. टेबलावर चार माणसं आणि आवाज फक्त एसीचा. अशी शांतता मला सोसत नाही. मी आमच्या दोन गणपतींची गोष्ट सांगायला घेतली. नाटकाचे वाद, एकमेकांना केलेल्या ईमेली, सभागृहाच्या किल्ल्या लपवणं, आणि शेवटी याच टेबलावर झालेला समेट. बोनिफास जिथे हसायला हवं तिथे हसत होता, आणि जिथे नको तिथेही.

ओडेटनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या भांडणात माणसं किती मेली?"

मी म्हणालो, "मेलं कुणी नाही. एक हार्मोनियम मात्र त्यांच्याकडे गेली होती ती अजून परत आलेली नाही."

तिनं मान डोलावली. मला अजूनही कधी कधी अंघोळ करताना ही हार्मोनियम आठवते आणि मी एकटाच मोठ्यानं "अरे देवा" म्हणतो.

तेव्हा बोनिफासनं चमचा खाली ठेवला. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं. "मी कुणाला काही केलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला, तिच्याकडे न बघता. "मी घरात होतो. माझी आई..."

"मी विचारलेलं नाही," ओडेट म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू काय केलंस, काय नाही, मी विचारलेलं नाही. सांगू नकोस. सांगितलंस तर खरं की खोटं, ते मला ठरवावं लागेल. मला ते काम नको. तू सांगितलं नाहीस तर मी या घरात जेवू शकते."

त्यानं चमचा पुन्हा उचलला. वसुधानं दोघांना श्रीखंड वाढलं. आग्रह केला नाही. आमच्या घरात श्रीखंडाचा आग्रह न होण्याची ती पहिली वेळ. मी समोर बसून माझी वाटी चाटूनपुसून साफ केली, कारण दुसरं काही करण्यासारखं सुचत नव्हतं.

जेवणं झाली आणि खरा प्रश्न उभा राहिला. दोघांना घरी सोडायचं होतं आणि गाडी एक. मी गॅरेजमध्ये उगाच किल्ल्या शोधत वेळ काढत होतो. ड्रायव्हिंगचा मास्तर, आणि चार सीटांच्या गाडीत दोन माणसं कशी बसवायची ते कळेना! बाहेर आलो तर बोनिफास नव्हता. बसनं जातो असं वसुधाला सांगून तो निघून गेला होता. रविवारी आमच्या भागात बस येत नसे. हे त्याला माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

मी ओडेटला म्हणालो, "चला, तुम्हीच चालवा. तेवढाच सराव." शिकाऊ परवान्यावर, शेजारी लायसन्सवाला बसला की चालवता येतं. मागची सीट रिकामी होती. ती फार सुंदर चालवत होती. वळणं, थांबे, आरसा, सगळं पुस्तकात दाखवावं तसं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर बसस्टॉपच्या बाकावर बोनिफास बसलेला दिसला. तिथे सावली म्हणजे एक पाटीचा खांब. टाय अजून गळ्यात होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

आम्ही त्याच्यासमोरून पुढे गेलो. मला बोलायचं होतं. आयुष्यात इतकं बोलायचं मला कधीच नव्हतं. पण दारातलं वसुधाचं बोलणं अजून कानात होतं, म्हणून मी दात दाबून बसलो. माझा पाय ब्रेकवर नव्हता, कारण ती आमची घरची गाडी, तिला ब्रेक एकच, तोही तिच्या पायाशी.

सिग्नलला ती थांबली. मग उजवा इंडिकेटर लावला. तिचं घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, प्रत्येक ठिकाणी पूर्ण थांबून, खांद्यावरून वळून बघून. त्या बाकासमोर तिनं गाडी फुटपाथला इतकी समांतर लावली की परीक्षकानं हात जोडले असते.

"त्याला सांगा, तुमच्या मागे बसायला," ती मला म्हणाली. "माझ्या मागे नाही."

मी काच खाली करून सांगितलं. बोनिफास आला, माझ्या मागे बसला, गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून, हात दिसतील असे. तिनं आरसा हलवून नीट लावला, त्यात तो पूर्ण येईपर्यंत. मग त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली. त्याच्याशी तिनं त्या भाषेत बोललेले हे पहिले शब्द. मागे काहीतरी खटकन वाजलं आणि गाडी निघाली.

सगळा रस्ता तिची नजर समोर, आरसा, समोर, आरसा. मी इतकी वर्षं जो जप शिकवतो तो कुणी इतक्या निष्ठेनं केलेला पाहिला नाही. मला त्याचा आनंद मानता आला नाही.

बोनिफास आपल्या इमारतीपाशी उतरला, वाकला, गेला. तो दिसेनासा झाल्यावर मी शेवटी विचारलंच, "त्याला काय म्हणालात तुम्ही?"

"पट्टा लाव म्हणाले," ती म्हणाली.

ती पहिल्या फटक्यात पास झाली. परीक्षेत मागच्या सीटवर कुणी नसतं, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. जागा तिलाच मिळाली. एक जुनी निळी गाडी घेऊन ती चँडलरभर म्हाताऱ्यांना औषधं देत फिरू लागली. बोनिफास तीनदा नापास झाला आणि चौथ्यांदा पास. नंतर तो दुसऱ्या राज्यात गेला, नातेवाईक सापडले म्हणून. ओडेट त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. माझ्या माहितीत तरी नाही.

आणि मी? मी काय करणार! त्या वर्षीच्या गणपतीला आरतीनंतर, प्रसादाच्या रांगेत उभा राहून, मी ही गोष्ट सांगितली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बऱ्यापैकी खरी होती. दुसऱ्यांदा श्रीखंडाला जरा जास्त महत्त्व आलं. तिसऱ्या वेळी ते दोघं टेबलावरच एकमेकांच्या गळ्यात पडणार होते. मंडळी वाहवा करत होती. एक काकू म्हणाल्या, "युनोनं तुम्हाला बोलवायला हवं." मी नम्रपणे मान खाली घातली. ती जागा मला मिळण्यासारखी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

परतताना वसुधा गाडी चालवत होती. आमच्या गल्लीत वळताना म्हणाली, "तुम्ही त्यांचा समेट घडवला, असं परत कुणाला सांगू नका. तिनं काही माफ केलेलं नाही, आणि करायला हवं असंही नाही. ती त्याच्यासाठी वळली नाही. तिनं फक्त ऊन बघितलं."

मी म्हणालो, "पण शेवटी वळली ना?"

"वळली," वसुधा म्हणाली. "आपण दोघं असतो, तर तसेच पुढे गेलो असतो आणि घरी येऊन एकमेकांना विचारलं असतं, तो पोचला असेल का म्हणून."